पेशीतील घटिकापात्र : जी-प्रथिनाच्या रूपकांची चिकित्सा

प्रस्तावना

संप्रेरक आणि पेशीपटलावरील ग्राही यांचा संबंध सामान्यतः ‘कुलूप-किल्ली’ या रूपकाने, तर ग्राहीचा संदेश आत पोहोचविणाऱ्या जी-प्रथिनाचे कार्य ‘विजेचे बटण’ या रूपकाने समजाविले जाते. ही रूपके सुबोध आहेत. तथापि त्यांत काळाला स्थान नाही. जिवंत पेशीत ग्राहीचा प्रतिसाद कसा होईल, हे संदेश सुरू होण्याइतकेच तो केव्हा थांबतो यावर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रूढ रूपकांच्या मर्यादा

विश्रांत जी-प्रथिनाला जीडीपी हा रेणू जोडलेला असतो. ग्राही उद्दीपित झाला की जीडीपी सुटतो, त्याच्या जागी जीटीपी येतो आणि प्रथिन कार्यप्रवण होते. पुढे ते स्वतःच जीटीपीचे विघटन करून शांत होते. म्हणजे थांबण्याची मुदत प्रथिनातच असते. बटणाला अशी मुदत नसते. कुलूप-किल्लीचे रूपकही अपुरेच आहे. मार्टिन रॉडबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये यकृतपेशींच्या पटलांवर दाखविले की, जीटीपी मिळताच ग्लुकागॉनवरील ग्राहीची पकड सैल होते. संदेश घेणारे प्रथिन संदेश देणाऱ्या ग्राहीलाही असे घडवीत असते.

शुद्ध केलेल्या जी-प्रथिनाला या विघटनास अनेक सेकंद लागतात; हृदयपेशीतील प्रतिसाद मात्र त्याहून लवकर ओसरतो. हा विसंवाद १९९० च्या दशकात उलगडला. ‘आरजीएस’ नावाची प्रथिने पेशीत विघटनाचा वेग वाढवितात, असे आढळले.

पटकीची साक्ष

थांबणे हरवले तर काय होते, याची साक्ष पटकीच्या रोगात मिळते. पंढरपूरच्या यात्रेतील पटकीच्या साथी आणि गावोगावची मरीआईची ठाणी यांमुळे सोलापूर जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून पटकीच्या जंतूंचे विष सिद्ध केले. पुढील संशोधनातून कळले की, हे विष आतड्याच्या पेशीतील ‘जीएस’ या जी-प्रथिनात बदल घडवून जीटीपीचे विघटन रोखते. परिणामी चक्रीय एएमपी वाढत राहते. क्लोराइड आणि त्यामागोमाग पाणी पेशीबाहेर वाहू लागते. ग्राहीत कोणताही दोष नसतो, तरीही उपचाराअभावी रुग्ण काही तासांत दगावू शकतो. साखरेसोबत सोडियम शोषून घेणारा मार्ग मात्र शाबूत राहतो; जलसंजीवनीचे यश त्यावरच उभे आहे.

पर्यायी रूपक

आपल्या परंपरेतील घटिकापात्र येथे अधिक समर्पक ठरते. तळाला छिद्र असलेले ते पात्र ठरावीक वेळ तरंगते व आपोआप बुडते. पात्र रिकामे करून पुन्हा तरंगत ठेवणारा हात म्हणजे ग्राही; छिद्र म्हणजे विघटनाची क्षमता. आरजीएस प्रथिने छिद्र रुंदावतात, पटकीचे विष ते बुजविते. अर्थात हे रूपकही परिपूर्ण नाही. पेशीच्या अंतर्भागात ओढले गेलेले काही ग्राही तेथूनही संदेश देतात, हे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. संदेश पेशीत नेमका कोठे उमटतो, हे घटिकापात्र सांगू शकत नाही.

निष्कर्ष

रूपक विद्यार्थ्याला केवळ उत्तर देत नाही, तर कोणता प्रश्न विचारावा हेही ठरवते. बटण शिकलेला विद्यार्थी ‘संदेश सुरू झाला का?’ एवढेच विचारेल. घटिकापात्र शिकलेला ‘किती वेळ?’ असेही विचारील. पटकीचे आकलन या दुसऱ्या प्रश्नाशिवाय होत नाही. म्हणून मराठीतून विज्ञान शिकविताना रूपकांची निवडही विषयज्ञानाइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.