पावाचा रंग

मराठी माणूस युरोपात जाऊन आला आणि त्याने पुस्तक लिहिले, की त्यात दोन गोष्टी बहुधा असतातच. एक तिथले स्वच्छ रस्ते, आणि दुसरी जेवणाच्या टेबलावर त्याच्यापुढे आलेला मद्याचा पेला. त्याने तो घेतला असेल तर ती धिटाईची हकिगत होते. परत पाठवला असेल तर संयमाची. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत जी पिढी वाढली तिच्या बाबतीत हे समजण्याजोगे आहे. पण पुढच्या लेखकांतही फारसा फरक पडलेला दिसत नाही. मद्य हा आपल्या लेखी चारित्र्याचा विषय आहे. तो शेतीचाही विषय आहे, हे आपल्या प्रवासवर्णनांना क्वचितच सुचते. पेल्यातली वस्तू कोणीतरी पिकवली, कोणीतरी खुडली, कोणीतरी पिंपात भरली. त्या माणसाच्या घरी संध्याकाळी चुलीवर काय शिजते?

हा प्रश्न ज्याने द्राक्षमळ्यांच्या मधोमध उभे राहून विचारला, अशा एका प्रवाशाच्या टिपणांविषयी येथे लिहायचे आहे. प्रवासी लहान नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा १७७६ चा जाहीरनामा ज्याने लिहिला आणि जो पुढे त्या देशाचा तिसरा अध्यक्ष झाला, तो टॉमस जेफरसन. १७८५ पासून १७८९ पर्यंत तो अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसला होता. १७८६ च्या सप्टेंबरात पडून त्याचे उजवे मनगट मोडले. वैद्यांनी दक्षिणेकडच्या एक्स गावच्या औषधी पाण्याची शिफारस केली, आणि १७८७ च्या फेब्रुवारीअखेर स्वारी निघाली. पाण्याचा गुण आला नाही, पण मनगट हे निमित्तच होते असे पुढचा मार्ग पाहिल्यावर वाटते. बर्गंडी, ल्यों, नीम, मार्सेय, नीस. तेथून आल्प्स ओलांडून तुरीन, मिलान, जिनोआ. परत फिरून लांगदॉकचा कालवा, बोर्दो, आणि जूनमध्ये पॅरिस. तीन महिन्यांहून अधिक काळ एक मोठा अधिकारी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या गाडीतून, शहरे आणि द्राक्षमळे पाहत हिंडला.

हे हिंडणे रसिकाचे आहे, याविषयी शंका नको. नीम येथील ‘मेझों कारे’ या रोमन मंदिराच्या नमुन्यावर त्याने व्हर्जिनियाच्या राजभवनाचा आराखडा अगोदरच करून पाठवला होता. चित्रांवरून ओळखीचे झालेले ते मंदिर प्रत्यक्ष दिसले तेव्हा तो तासन्‌तास त्याच्यासमोर बसून राहिला, आणि प्रियकर प्रेयसीकडे पाहतो तसे आपण पाहत आहोत, अशा अर्थाचे त्याने एका सरदारपत्नीला कळवले. लांगदॉकच्या कालव्यावर तर त्याने गाडीची चाके काढवली, गाडीचा सांगाडाच होडीवर ठेवला, आणि काठावरून ओढल्या जाणाऱ्या त्या होडीत वाचत, लिहीत, कंटाळा आला की उतरून काठाने चालत तो पुढे सरकला. प्रवासाचा इतका सुखाचा प्रकार दुसरा नाही, असे त्याचे मत झाले. सावकाशीचे हे सुख त्याने चोरून घेतलेले नाही. ते त्याच्या पत्रांत मोकळेपणाने उमटले आहे.

टिपणवहीचा स्वर मात्र निराळा आहे. तिच्यात वाक्ये तुटक आहेत. माती तांबूस की करडी, दगड किती, गुरे कशी, मजुरी काय, पिंपाचा भाव काय, अशा नोंदींवर नोंदी येतात. वाङ्मय म्हणून कोणी ती उचलली तर दहा पानांत खाली ठेवील. पण बर्गंडीपाशी थोडे थांबावे लागते. तिथे त्याने एक तट्टू घेतले, दुसऱ्या तट्टावर एका शेतकऱ्याला वाटाड्या म्हणून बसवले, आणि तो नावाजलेल्या मळ्यांतून, मजुरांच्या घरांतून, मळेवाल्यांच्या तळघरांतून फिरला. पोमार आणि व्होल्ने या गावी मजूर गव्हाचा चांगला पाव खाताना त्याला दिसले. शेजारीच, दीड-दोन मैलांवरच्या मर्सो गावी तेच काम करणारे मजूर राय नावाच्या हलक्या धान्याचा काळपट पाव खात होते. असे का, म्हणून त्याने विचारले. लोकांनी सांगितले ते असे: पांढरे मद्य तांबड्यापेक्षा अधिक वेळा बिघडते आणि विकले न जाता पडून राहते, म्हणून मळेवाल्याला मजुरांचे पोट चांगले भरणे परवडत नाही. मग मर्सोचे लोक तांबडे का करीत नाहीत? तर तिथली जमीन फार दगडाळ. तांबड्याला ती मानवत नाही. इतके लिहून जेफरसन एकच उद्गार काढतो: इतक्या क्षुल्लक गोष्टींवर माणसाची दशा अवलंबून असावी! आणि पुढच्या गावाची नोंद सुरू होते.

ज्यांच्या घरी सणावारी पोळी आणि एरवी भाकरी होती, त्यांना या टिपणाचा अर्थ फोड करून सांगायला नको. जमिनीतला दगड, पिंपातला रंग, बाजारातला भाव आणि मजुराच्या हातातला तुकडा, ही साखळी चार-पाच वाक्यांत त्याने जोडून दाखवली. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या ठिकाणी हेवा वाटतो. दारिद्र्याचे वर्णन आम्ही पानेच्या पाने करतो. दारिद्र्याचे कारण असे एका पावाच्या रंगात सापडणे दुर्मिळ.

याच टिपणात आणखी एक निरीक्षण आहे आणि तेही विसरण्यासारखे नाही. प्रसिद्ध मळ्यांना लागून असलेल्या जमिनीतही तसेच मद्य होते असे लोक सांगतात, पण ती जमीन नाव नसलेल्या माणसांची असल्यामुळे तिच्या मालाला नाव मिळत नाही आणि तो इतरांच्या भावाने जातो, अशी त्याने नोंद केली आहे. मद्याच्या कीर्तीविषयी इतके थंड डोक्याने लिहिणारा रसिक मी दुसरा पाहिला नाही. साहित्याच्या बाजारालाही हे वाक्य लावून पाहावे. फार वाकवावे लागणार नाही.

आता हे टिपण इतरांच्या शेजारी ठेवून पाहू. योगायोग असा, की १७८७ च्या एप्रिलात जेफरसन मिलानला होता आणि त्याच महिन्यात जर्मन कवी गटे सिसिलीत, पालेर्मोच्या बागेत, साऱ्या वनस्पतींचे मूळ रूप शोधत फिरत होता. गटेचा ‘इटलीचा प्रवास’ पुष्कळ वर्षांनी, १८१६-१७ पासून प्रसिद्ध होऊ लागला, आणि प्रवासवर्णनाचा कळस म्हणून आजही त्याच्याकडे बोट दाखवले जाते. ते योग्यच आहे. प्रवासाने माणूस आतून कसा बदलतो याचे इतके समृद्ध चित्र जेफरसनच्या वहीत शोधूनही मिळणार नाही. गंमत अशी, की सुरुवातीला गटेचे लक्षही जेवणाकडे गेले होते. ब्रेनरची खिंड उतरल्यावर तिथल्या शेतकरी बायकांचे निस्तेज चेहरे पाहून त्याने मका आणि कुट्टू यांच्या सततच्या आहाराला त्याचे कारण मानले. घरमालकिणीच्या मुलीला खोदून विचारले, आणि हाती आलेला पैसा काढून घ्यायला त्यांचे धनी आहेत असे उत्तर मिळवले. पण रोम जवळ येते तसतसे मूर्ती, चित्रे, आकाश आणि स्वतःची घडण यांत तो प्रश्न मागे पडतो. गटेला प्रवासातून गटे हवा होता. जेफरसनच्या टिपणांत जेफरसन जवळजवळ नाहीच.

तिसरा प्रवासी इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग. १७८७ ते १७८९ या काळात त्याने फ्रान्स पालथा घातला. १२ जुलै १७८९ रोजी, म्हणजे बास्तीय पडण्याच्या दोन दिवस आधी, घोडीला विसावा म्हणून तो एक चढ पायी चढत असता त्याला एक गरीब बाई भेटली. थोडी जमीन, एक गाय, एक मरतुकडे घोडे, सात मुले, आणि जमीनदारांना द्यायचे गहू आणि कोंबड्या यांचा हिशेब तिने सांगितला. तो तिला साठ-सत्तरीची समजत होता; ती निघाली २८ वर्षांची. हे चित्र कोणीही विसरत नाही. यंगकडे बाईचा चेहरा आहे, जेफरसनकडे पावामागचे गणित. दोन्ही वाचावीत. पुढच्या काही आठवड्यांत फ्रान्सभर जे घडले ते का घडले, हे या दोघांच्या नोंदींवरून कित्येक इतिहासांपेक्षा लवकर कळते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. सुट्टीवर गेलेल्या माणसाने प्रत्येक झोपडीत डोकावून भांड्यांची झाकणे उघडावीत का? प्रवासवर्णन ही काय सरकारी पाहणी आहे? जेफरसनला ती तशीच वाटे, असे म्हणायला जागा आहे. नीसहून ११ एप्रिल १७८७ रोजी लाफायेत या आपल्या सरदार मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सल्लाच दिला आहे, की ओळख लपवून हिंड, लोकांच्या खोपटांत शीर, चुलीवरच्या भांड्यात पाहा, त्यांचा पाव खा, आणि विसाव्याच्या मिषाने त्यांच्या बिछान्यावर पडून तो मऊ आहे का ते तपास. माझ्या मते आक्षेपाचे उत्तर याच पत्रात आहे. पाव खायचा आहे, बिछान्यावर अंग टाकायचे आहे. दुरून हळहळायचे नाही. मद्याची चव घेणारी जीभ आणि पावाची चव घेणारी जीभ एकच असावी, एवढीच त्याची अपेक्षा. त्याने मद्य मनापासून चाखले म्हणूनच तांबड्या-पांढऱ्याच्या फरकाचा प्रश्न त्याला पडला. रसिकता आणि चौकसपणा यांचे वैर त्याच्या टिपणांत नाही.

येथे लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण समीक्षकाने लेखकाची दुसरी वहीही उघडावी लागते.

याच प्रवासात, सांस गावापुढच्या वाटेवर, बायका-मुले जड ओझी वाहताना आणि कुदळी चालवताना पाहून जेफरसनने लिहिले, की हे आत्यंतिक दारिद्र्याचे निश्चित लक्षण होय. सुसंस्कृत देशातला पुरुष आपले हात चालतात तोवर बायकामुलांवर ही वेळ येऊ देत नाही. आणि मोंटिसेलो या त्याच्या स्वतःच्या डोंगरावर काय होते? आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीची गुलाम होती. त्याच्या शेतीच्या वहीत मुलांच्या कामाची वाटणी त्याच्याच अक्षरात आहे: दहा वर्षांपर्यंत लहानग्यांना सांभाळायचे, दहा ते सोळा मुलग्यांनी खिळे करायचे, मुलींनी सूत कातायचे, सोळाव्या वर्षी शेतात जायचे किंवा धंदा शिकायचा. पॅरिसच्या त्याच्या घरात फ्रेंच स्वयंपाक शिकणारा जेम्स हेमिंग्ज हाही त्याचा गुलाम. कालव्यावरच्या त्या सुंदर सावकाशीचा खर्च कोणाच्या घामातून निघत होता, हे टिपणवहीत कोठे नाही. तो मेला तेव्हा कर्ज एवढे होते, की १८२७ च्या जानेवारीत सुमारे १३० माणसे विक्रीला काढण्यात आली.

अक्षर तेच, टाकही बहुधा तसाच. मर्सोच्या पावाचा रंग ज्याला दिसला त्याला घरच्या भांड्यात डोकावता आले नाही. ढोंगी म्हणून त्याला निकालात काढणे सोपे आहे. पण तसे केल्याने ते टिपण खोटे ठरत नाही, आणि आपणही सुटत नाही. परक्या देशात डोळे उघडतात, कारण तिथे आपल्याला काही द्यायचे नसते. पाहिलेल्या दुःखाचा हिशेब आपल्या नावावर निघत नाही. प्रवासवर्णन या प्रकारातला मूळचा धोका हाच आहे, आणि तो वाईट लेखकापेक्षा चांगल्या लेखकाला अधिक आहे.

आपल्या परंपरेत याला तोंड देणारे पुस्तक आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे परदेशी गेले नाहीत. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. १९०७ साली छापल्या गेलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये आपण पैशासाठी निघालो हे ते लपवत नाहीत. त्यामुळे झाशीचा पाडाव पाहणारा डोळा कोणाचा आहे हे वाचकाला सतत ठाऊक असते. पुढे अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) मध्ये राजकीय कुतूहल आले, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) बावचळलेल्या मराठी माणसाला, म्हणजे स्वतःलाच, हास्याचा विषय केले. हेही प्रामाणिकपणाचेच प्रकार होत. त्यांच्यामागून आलेल्या पुस्तकांच्या गर्दीत मात्र पाहणारा पुसला गेला आणि प्रेक्षणीय स्थळे उरली. द्राक्षमळा बसच्या खिडकीतून ‘रम्य’ दिसतो आणि मागे पडतो.

बर्गंडीतल्या जमिनीच्या लहान लहान तुकड्यांना स्वतंत्र नावे आहेत. अशा १,२४७ तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. मर्सोचे पांढरे मद्यही आता महागड्यांत मोडते. दगडाळ जमिनीचे नशीब पालटले. आपल्याकडे नाशिकच्या वाइनच्या मळ्यांत आता सुट्टीला माणसे जातात, पेला उजेडात धरून रंग पाहतात. तिथे पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला आणि खुडणीला टोळ्या येतात. मी शिकवतो त्या वर्गात ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत काही बाके रिकामी असतात. ती मुले परत आली की आम्ही पाठ्यपुस्तकातला प्रवासवर्णनाचा धडा घेतो. त्या मुलांना युरोप रम्य आहे हे जरूर सांगावे, तो आहेच. पण त्यांतल्या एखाद्याने, तिथले मजूर जेवायला काय आणतात, असे विचारले तर मास्तरला उत्तर देता यावे. तेवढ्यासाठी एका मोडक्या मनगटाच्या माणसाचे चार-पाच ओळींचे टिपण मी जपून ठेवले आहे, त्याच्या दुसऱ्या वहीसकट.