मूलनलिकेतील जंतुनाशक : शेकडेवारीचा वाद आणि विघटनाचा विसर

दाताच्या मूलनलिकेच्या शुद्धीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण जगभर वापरले जाते. ते शेकडा अर्धा असावे की सव्वापाच, यावर दंतवैद्यकात पुष्कळ वाद झाला आहे. परंतु पाठ्यपुस्तकी विवेचनात बाटलीवरील आकडा बहुधा खरा धरला जातो, आणि तेथेच या वादाचा पाया कच्चा राहतो.

हे द्रव्य स्वभावतःच अस्थिर होय. त्याच्या तीन रेणूंपासून दोन रेणू साध्या मिठाचे व एक सोडियम क्लोरेटचा बनतो. निकेल, कोबाल्ट वा तांब्याचा अंश मिसळल्यास ऑक्सिजन सुटून ऱ्हास अधिकच वाढतो. मागे उरणारे मीठ व क्लोरेट मृत ऊती विरघळवीत नाहीत. दाट द्रावण पातळापेक्षा लवकर क्षीण होते, म्हणजे ज्या बाटलीवर मोठा आकडा तिच्यावरच कमी विसंबावे. क्षारता घटली तरी तोच परिणाम होतो. १९१५ साली डेकिनने युद्धातील जखमांसाठी सिद्ध केलेले सौम्य द्रावण म्हणूनच फार काळ टिकत नसे.

उष्णतेचा प्रश्न मराठवाड्याला विशेष लागू पडतो. तापमान १० अंशांनी वाढले की विघटनाचा वेग सुमारे तिप्पट-चौपट होतो. धर्माबादेत वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. २० अंशांवर ठरविलेली मुदत तेथील कपाटातील बाटलीस लावणे अशास्त्रीय ठरते, कारण विघटनाचा वेग तेथे नऊ ते सोळापट असतो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, नलिकेत द्रावण वारंवार बदलल्यास तीव्रतेचे महत्त्व उरत नाही. आक्षेपात तथ्य आहे. मात्र बदलून घातलेले द्रावणही निःसत्त्व असेल, तर त्या धुण्याने जंतू हटत नाहीत. उलट, क्षीण बाटलीवर हात बसलेल्या वैद्याने ताजे द्रावण त्याच निर्धास्तपणे वापरल्यास आणि ते मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास रुग्णाला तीव्र वेदना व सूज सोसावी लागते.

उपाय खर्चाचा नाही. बाटली थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, तीवर निर्मितीची तारीख असावी आणि पोटॅशियम आयोडाइड, आम्ल व थायोसल्फेट यांच्या साहाय्याने क्लोरीनचे अनुमापन वेळोवेळी करावे. कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ते होऊ शकते. मोजल्यावाचून सांगितलेली शेकडेवारी हे अनुमान होय, प्रमाण नव्हे. आणि त्या अनुमानाची किंमत अखेरीस रुग्ण आपल्या दाताने चुकवितो.