पाचवा पेला

मार्च महिन्यात बँकेच्या माणसाला कोणी घरी बोलावू नये, आणि बोलावलंच तर निदान पाजू नये, अशा मताचा मी आहे. ३१ तारीख छातीवर बसलेली असते. अशा वेळी घोट घेतला की पेल्यात बर्फाऐवजी न जुळलेल्या नोंदी तरंगताना दिसतात.

तरीही गेलो. बोलावणारे आमच्या शाखेतून निवृत्त झालेले हेड कॅशियर. बँकेत ते 'साहेब', ठाण्याला त्यांच्या घरी 'काका'. आडनावात कोकणातलं एक गाव आणि पुढे 'कर', म्हणजे बेने इस्राएल. निमित्त पुरिमचं. हा सण बहुतेक होळीच्या आसपास येतो, म्हणून जुनी कोकणातली माणसं त्याला सरळ 'होळीचा सण'च म्हणत. काकांकडे त्या दिवशी पुरणपोळी असते. त्यामुळे धर्म वेगळा असला तरी माझ्या पोटाला तो कधी कळलेला नाही.

यंदा अश्दोदहून त्यांचा भाचा आला होता. मामाला यहुदी सणांची 'क्लासिक कॉकटेलं' चाखवायची, सणागणिक एक, असा त्याचा बेत. आणि मी समीक्षक! माझी पात्रता? बी. कॉम.; शिवाय वीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढतोय. याहून कमी भांडवलावर मराठीत समीक्षक झालेले मी पाहिले आहेत.

पहिला पेला रोश हशानाचा, म्हणजे कोकणातल्या 'नव्याच्या सणा'चा. वर्ष गोड जावं म्हणून त्या दिवशी सफरचंद मधात बुडवून खातात. त्यावरून भाच्याने 'बीज नीज' केलं : जिन, लिंबू आणि मध. नावाचा अर्थ मधमाशीचे गुडघे. गुडघ्यांचं मला कळलं नाही, पण पेय उत्तम. मध आणि लिंबू एकमेकांचं ऐकून घेतात, जिन मागच्या खुर्चीत गप्प बसते. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये असं कधी होत नाही.

दुसरा पेला हनुक्काचा आणि निळाभोर. का, तर इस्राएलचा झेंडा निळा! इथे समीक्षकाने तोंड उघडलं. अहो, हा सण दिव्याच्या तेलाचा. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, ही त्याची कथा. आणि काकांचे पूर्वज तर कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जायचे : तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे. तेल्याच्या घरी तेलाचा सण निळ्या शाईने साजरा करायचा म्हणजे कॅशबुकात कविता लिहिण्यातला प्रकार. चवही शाईचीच होती. मी दोनच घोट घेतले आणि उरलेलं काकूंच्या तुळशीला, सॉरी, कोरफडीला घातलं.

मग पेसाह. त्या आठ दिवसांत धान्याचं आंबवलेलं काही चालत नाही. म्हणजे बार्लीची व्हिस्की बाद, बिअर बाद. कोकणात याला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवायचं. पूर्वजांनी जिथे झाकण लावलं तिथे भाचा बूच उघडत होता! त्याने 'साइडकार' केली : ब्रँडी, संत्र्याची लिक्युअर, लिंबू. पेय झकास. पण पेसाहच्या रात्री प्रत्येकाने चार पेले घ्यायचे असतात. एका प्रचलित हिशेबाने पेला किमान ८६ मिलिलिटरचा, म्हणजे एकूण ३४४. साइडकारचे ३४४ मिलिलिटर घेणाऱ्याला मिसरमधून सुटका झाली की नाही, हे सकाळीच सांगावं लागेल.

आणि त्या रात्री दहा संकटांची नावं घेताना पेल्यातून वाइनचे दहा थेंब बाहेर काढतात. शत्रू का असेना, त्याचा जीव गेला. आपला आनंद तेवढा कमी. आता कॉकटेलातून थेंब काढायचा तो कुणाचा? ब्रँडीचा की लिंबाचा?

पाचवा पेला मात्र मला फार आवडला. तो कोणी पीत नाही. चार पेले की पाच, यावर जुन्या पंडितांचं एकमत होईना. तेव्हा एलियाहू नबी येतील तेव्हा निकाल देतील, तोवर त्यांच्या नावाने पेला भरून ठेवा, असं ठरलं म्हणतात. अहो, हे तर सस्पेन्स अकाउंट! आमचं मार्चअखेर मिटवावं लागतं, यांचं शतकानुशतकं उघडं आहे आणि एकाही ऑडिटरची हरकत नाही.

पुरिमला तर प्यायची आज्ञाच आहे : दुष्ट हामान आणि भला मोर्दखय यांतला फरक कळेनासा होईपर्यंत. तालमूदमध्ये गोष्ट आहे. रब्बा नावाच्या पंडिताने पुरिमच्या नशेत रब्बी झेराचा गळाच कापला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना करून त्यांना जिवंत केलं. पुढच्या वर्षी पुन्हा आमंत्रण गेलं, तेव्हा झेरा म्हणाले, चमत्कार दरवेळी होईलच असं नाही. पार्टीला नकार देण्याचं इतकं सबळ कारण मी आजवर ऐकलेलं नाही.

एवढ्यात काकूंनी किद्दुशच्या सरबताचा तांब्या आणला. काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या; झालं. भाच्याने जिनची बाटली त्याच्याकडे वळवली.

"त्याला हात लावू नकोस," काका म्हणाले. आवाज कॅश कमी भरल्यावर यायचा तोच.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नोकरीच्या पहिल्या वर्षी तू काय म्हणाला होतास, आठवतं?"

आठवत होतं. 'काका, ही वाइन आहे की खोकल्याचं औषध?' तेव्हा ते हसले होते. वीस वर्षं ती नोंद त्यांनी जपून ठेवली होती.

"कोकणात वाइन कुठून आणणार? पण मनुका म्हणजे द्राक्षच. शास्त्राला चालतं. आमच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या यावर शब्बाथ काढला. आता सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमले तर प्रार्थना पुरी होते. कधी नऊच असतो, मग दहाव्याची वाट बघत बसतो."

एकेकाळी हिंदुस्थानात वीसेक हजार होते. आज चारपाच हजार. भाचा तेच सांगायला आला होता, हे तेव्हा मला कळलं. मामा, तिकडे चला. कॉकटेलं ही नुसती प्रस्तावना होती.

मी पेला पुढे केला. सरबत घेतलं. गोड, किंचित तुरट, शेवटी जिभेवर मातीसारखं काहीतरी राहतं. वीस वर्षांपूर्वीचा अभिप्राय मी मागे घेतला, तसं तोंडाने म्हणालोही. काकांनी मान हलवली. कॅश जुळल्यावर हलवायचे तशी.

निघताना काकू भाच्याच्या बॅगेत काळ्या मनुकांची पुडी कोंबत होत्या.

"मामी, तिकडे मिळतात गं मनुका," तो म्हणाला.

"मिळत असतील. आदल्या रात्री भिजत घालायची आठवण कोण करणार?"