बोटीतून लिहिलेला मासा

बास मासा कसा पकडावा हे शिकवणारा एखादा अमेरिकन व्हिडिओ लावा आणि आवाज बंद करा. माणूस कुठे उभा आहे तेवढंच बघा. बहुतेक वेळा तो चकचकीत बोटीच्या पुढच्या टोकावर असतो. पायाशी छोट्या मोटरचं पेडल, समोर सोनारचा पडदा, बाजूला ओळीने मांडलेले दहा-बारा रॉड. आणि गळ तो टाकतो काठाकडे. पाण्यात पडलेल्या ओंडक्याशी, पाणकणसांच्या कडेला, धक्क्याखालच्या सावलीत.

हे बघून शिकलेला, पण बोट नसलेला नवशिक्या तळ्यावर जातो, काठावर उभा राहतो आणि अंगातला सगळा जोर लावून गळ मधोमध भिरकावतो. बोटीतला काठाकडे फेकतोय, काठावरचा बोटीच्या दिशेने. बास धरणाऱ्या हौशी मंडळींत हा जुना विनोद आहे. मला मात्र त्यात एका अख्ख्या वाङ्मयाची समीक्षा दिसते. बासबद्दलची मार्गदर्शक पुस्तकं, मासिकं, टीव्हीवरचे कार्यक्रम यांतलं बरंचसं बोटीतून लिहिलं गेलंय. काठ त्यात आहे, पण नेम धरण्याची जागा म्हणून. तिथे कुणी उभं असेल हे लिहिणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येतं.

हे खटकायचं कारण हा मासाच काठावरच्या माणसाचा आहे. लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. अंग हिरवट, कुशीवर काळपट पट्टा, आणि जबडा इतका मोठा की तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते. त्याला थंड, खळाळतं, निर्मळ पाणी लागत नाही. साठलेलं, कोमट, शेवाळलेलं चालतं. शेततळी, गोल्फ कोर्सवरची डबकी, वसाहतीमागे पावसाचं पाणी जिरवायला खणलेली तळी, सगळीकडे तो असतो. नोकरीसाठी डॅलसला गेलेल्या एखाद्या मराठी इंजिनिअरच्या बाल्कनीतून जे तळं दिसतं, त्यातही असण्याची बरीच शक्यता. राज्याचा परवाना काढायचा, एक साधा रॉड घ्यायचा आणि चालत जायचं.

मासे धरण्याबद्दलचं इंग्रजी लेखन सुरूही पायीच झालं. आयझॅक वॉल्टनच्या 1653 सालच्या 'द कम्प्लीट अँगलर'मधली माणसं नदीकाठाने चालतात, झाडाखाली बसतात, गप्पा मारतात. पुढे ट्राउट या माशाला थोर लेखक लाभले. हेमिंग्वेचा निक अ‍ॅडम्स नदीच्या पाण्यात उतरून उभा राहतो, नॉर्मन मॅक्लिनची भावंडंही. बासचं नशीब वेगळं निघालं. जेम्स हेनशॉल नावाच्या डॉक्टरने 1881 मध्ये 'बुक ऑफ द ब्लॅक बास' लिहून या माशाला ट्राउट-सामनच्या पंक्तीत बसवण्याचा घाट घातला. पण बासला खरी प्रतिष्ठा मिळाली ती पुस्तकातून नव्हे, स्पर्धेतून.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेत नद्या अडवून प्रचंड जलाशय तयार झाले होते. 1950च्या दशकाच्या अखेरीस छोट्या बोटीत बसवता येईल असं सोनार बाजारात आलं. मग अलाबामाचा रे स्कॉट नावाचा विमा-विक्रेता पुढे सरसावला. 1967 मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर त्याने शंभर डॉलर प्रवेश फी लावून स्पर्धा घेतली, 1968 मध्ये बास धरणाऱ्यांची संघटना काढली, जोडीला मासिक. 1971 मध्ये पहिली 'बासमास्टर क्लासिक' झाली. स्पर्धकांना विमानात बसवलं आणि कुठल्या तलावावर नेतोय हे विमान उडाल्यावर सांगितलं. तलाव होता लेक मीड, बक्षीस 10,000 डॉलर. स्कॉटला नाट्य कळत होतं यात वाद नाही.

पण स्पर्धेने या लेखनाचं व्याकरणच बदललं. स्पर्धेत ठरावीक तास असतात आणि वजन मोजलं जातं. त्यामुळे चांगला मच्छीमार म्हणजे कमीत कमी वेळात जास्तीत जास्त पाणी धुंडाळणारा, अशी व्याख्या झाली. त्या डेकवर दहा-बारा रॉड का असतात? प्रत्येकाला वेगळं आमिष बांधून तयार असतं, गाठ सोडून पुन्हा बांधण्यात जाणारी दोन मिनिटं वाचावीत म्हणून. ही वेळेची बचत आहे, ज्ञान नाही. मासिकांनी आणि जाहिरातींनी मात्र ती ज्ञान म्हणून विकली. या आमिषाला हा रॉड, त्या आमिषाला तो, या दोरीला हे रीळ. काठावरच्या नवशिक्याकडे वेळच वेळ असतो, तरी तोही पाठपिशवीत अख्खी बोट कोंबून निघतो. मराठीत आपण 'बास' म्हटलं की पुरे. या छंदाच्या दुकानात मात्र तो शब्द ऐकू येत नाही.

काठावर नक्की काय लागतं? साडेसहा-सात फुटांचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, त्याला बेताचं रीळ, आठ-दहा पौंड ताण सोसणारी दोरी (कोकणात जिला तंगूस म्हणतात, त्याच जातीची), थोडे गळ, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची थोडी वजनं, मऊ प्लास्टिकच्या गांडुळांचं एक पाकीट आणि एक पक्कड. हे प्लास्टिकचं गांडूळ निक क्रीमने 1949 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये तयार केलं. बासच्या इतिहासात माझ्या मते सोनारपेक्षा हा शोध मोठा, कारण तो स्वस्त होता आणि त्याला बोट लागत नव्हती.

त्याला गळावर चढवण्याची एक रीत म्हणजे टेक्सस रिग. दोरीत आधी वजन ओवायचं, मग गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून घालून बाहेर काढायचं आणि फिरवून पुन्हा त्याच्या अंगात लपवायचं. टोक उघडं नसल्याने ते शेवाळात, फांद्यांत अडकत नाही. मासा चावला आणि तुम्ही हिसका दिलात की टोक प्लास्टिक फाडून बाहेर येतं. मार्गदर्शक पुस्तकं हिला अनेक रीतींपैकी एक म्हणून शिकवतात आणि बोटीतून बघितलं तर ते बरोबरच आहे. बोटीतला माणूस शेवाळाच्या कडेला गळ टाकतो आणि मोकळ्या पाण्याकडे ओढतो. काठावरच्याचा गळ मोकळ्या पाण्यात पडतो आणि दर वेळी शेवाळातूनच परत येतो. त्याच्यासाठी ही निवड राहत नाही, पूर्वअटच होते.

तसंच उताराचं. बोटीतून ओढलेलं आमिष उथळाकडून खोलाकडे उतरत जातं. काठावरून ओढलेलं तळाशी घासत चढ चढतं, त्यामुळे दगडांच्या फटीत ते जास्त घट्ट रुततं. बोटीतला माणूस पलीकडे जाऊन उलट्या दिशेने ओढून सोडवतो. काठावरच्याने काय करायचं? तोडायचं. म्हणून पंधरा डॉलरचं, तीन-तीन उघडे काटे लटकवलेलं आमिष नवशिक्याला शिफारस करणारा लेख वाचला की लेखक कुठे उभा आहे हे लगेच कळतं.

या सगळ्या पसाऱ्यात मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते ती एक कथा, डब्ल्यू. डी. वेदरेलची 'द बास, द रिव्हर अँड शीला मँट'. चौदा वर्षांचा मुलगा आपल्यापेक्षा मोठ्या शीलाला कनूमधून कॉन्सर्टला घेऊन निघालाय. सवयीने त्याने रॉड मागे लावून दोरी पाण्यात सोडलीय. वाटेत शीला सहज बोलून जाते की मासे धरणं तिला मूर्खपणाचं वाटतं, आणि नेमका तेव्हाच गळाला बास लागतो, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. तो रॉडला हात लावू शकत नाही. वल्हवत राहतो, आणि पाठीमागे रीळ करकरत असतं. शेवटी तो दोरी कापून टाकतो.

कथा कनूत घडते, तरी मी तिला काठाची कथा म्हणेन. तो बास त्याला दिसतच नाही. तो किती मोठा आहे, कुठे वळला, कधी थकला हे मुलगा रॉडच्या वाकण्यावरून आणि रिळाच्या आवाजावरून ओळखतो. काठावर शिकायचं असतं ते हेच. सोनार नाही, पाठलाग करता येत नाही, पाण्याखालचं काही दिसत नाही. दोरी हातात धरून दगड कुठला, शेवाळ कुठलं आणि चावा कुठला हे बोटांना कळेपर्यंत थांबायचं. अनेकदा चावा जाणवतही नाही, सैल दोरी नुसती बाजूला सरकू लागते. हे ज्ञान सांगायला वेदरेलने एकही सूचना दिलेली नाही. त्याचा दोष दुसरीकडे आहे. शीला जवळजवळ चेष्टेपुरतीच उरते, आणि शेवटी कथा आपला अर्थ स्वतःच सांगून टाकते. मासा न दाखवण्याचा संयम पाळणाऱ्या लेखकाने तेवढाही पाळायला हवा होता.

जागतिक विक्रमाची गोष्टही या दृष्टीने बघण्यासारखी आहे. 2 जून 1932 रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. तो बोटीत होता हे खरं, पण ती घरी ठोकलेली लाकडी बोट. मंदीचे दिवस होते. माशाचं वजन झालं, मग तो घरी नेऊन घरच्यांनी खाल्ला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिताने औंसभर जास्त वजनाचा धरला, पण विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी. या छंदातला सगळ्यात पूजनीय मासा ताटात गेला, हे आजच्या बास-संस्कृतीला जरा अवघड जागचं दुखणं आहे. रे स्कॉटने 1972 पासून पकडलेले मासे जिवंत सोडण्याची मोहीम चालवली आणि तिने मासे वाचवले, तिची गरजही होती. पण हळूहळू ती सभ्यतेची खूण झाली. मासा परत सोडणारा तो खेळाडू. दक्षिणेतल्या एखाद्या तळ्याकाठी पालथ्या बादलीवर बसलेला, कायद्याने ठरवलेल्या संख्येत आणि मापात मासे घरी नेणारा म्हातारा या लेखनात एकतर खलनायक असतो किंवा नसतोच. त्याच्या तळ्याभोवती हळूहळू 'फक्त रहिवाशांसाठी'च्या पाट्या लागतात, त्याबद्दल लिहिणारे थोडे. आमिषाच्या नव्या रंगावर मात्र चार-चार पानं.

गेल्या काही वर्षांत मोबाइलमुळे कॅमेरा काठावर आला. वसाहतीमागच्या तळ्यावर, पुलाखाली, स्वस्तातल्या रॉडने मासे धरणाऱ्या पोरांचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि मला ते आवडतात. पण संकलनाने त्यांची वाट लावलीय. दर चाळीस सेकंदांनी मासा. मधलं रिकामं चालणं, पंचवीस फुकट फेकी, गाठ सुटणं, सगळं कापलेलं. शिकायचं होतं ते नेमकं त्या कापलेल्या भागात होतं. बोट गेली, घड्याळ तेवढं राहिलं.

भाषेचाही भाग आहेच. इंग्रजीत ट्रॉलरवरचा खलाशी जे करतो तेही फिशिंग आणि डबक्याकाठचं पोरगं करतं तेही फिशिंग. जपानी बासवाल्यांनी काठावरून गळ टाकण्यासाठी 'ओकाप्पारी' असा वेगळा शब्द ठेवलाय. (जपानमध्ये बास 1925 मध्ये बाहेरून आणला गेला आणि आता तिथल्या कायद्याने उपद्रवी ठरलाय, ती वेगळी कटकट.) आपल्याकडेही मासेमारी वेगळी आणि गरवणं वेगळं. कोकणात खाडीकाठी गरी घेऊन बसणारा मासेमारीला गेलो म्हणत नाही, गरवायला गेलो म्हणतो. बासचं उत्तम पुस्तक लिहायला ज्या क्रियापदाची गरज होती, ते क्रियापद असलेल्या प्रदेशात बास नाही.

असं पुस्तक कुणी लिहिलंच तर त्याचं पहिलं प्रकरण गळ टाकण्याआधीचं असावं. पाण्यापासून चार पावलं मागे थांबा. पाय आपटू नका, मातीतली कंपनं पाण्यात पोचतात आणि माशाला ती अंगाच्या कुशीवरल्या रेषेने कळतात. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली कुठवर जाते ते बघा. पहिली फेक काठाला समांतर, पुढची थोडी आत, मग पंख्यासारखी उघडत. वसंतात पाणी पंधरा-वीस अंशांपर्यंत तापलं की बास अंडी घालायला उथळात येतो आणि नर घरट्यावर राखण करत बसतो. उन्हाळ्यात तो पहाटे आणि तिन्हीसांजेला कडेला येतो. बोटीच्या पुस्तकांवर वाढलेला नवशिक्या यातलं काही न करता तडक पाण्याच्या कडेपर्यंत जातो, लांब फेकायला रॉड मागे नेतो, आणि त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर पाणी गर्रकन फिरतं, गढूळतं.