'वायर्ड व्हिलेज' : लाभाची फेरतपासणी

भारतात इंटरनेटची सार्वजनिक सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणेच्या सहकारी संस्थांना हाताशी धरून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याविषयी लिहिताना 'खेड्यात इंटरनेट आले' असे सरसकट म्हटले जाते. या विधानातील 'आले' हे क्रियापद तपासून पाहण्याजोगे आहे.

उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन व बिल यांची माहिती गावातल्या केंद्रावर मिळू लागली, कारखान्यावरचे हेलपाटे कमी झाले. हा लाभ खरा आणि मोलाचाच होय. परंतु त्याचे श्रेय इंटरनेटला देणे युक्त नव्हे. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने ७ गावांत संगणक बाजूस सारून तीच माहिती मोबाईलच्या लघुसंदेशाने पुरविली, आणि तीही कमी खर्चात. म्हणजे शेतकऱ्यास हवा होता तो आपल्या उसाचा हिशेब. जगाशी संबंध नव्हे.

दुसरा मुद्दा भाषेचा. भारतीय लिप्यांचे 'इस्की' मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ ची. तरीही नव्वदीच्या दशकात जो तो टंकनिर्माता आपापलेच संकेत वापरी, आणि एका टंकात लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन उमटे. अशा स्थितीत 'सामान्य वापरकर्ता' म्हणजे बहुधा इंग्रजी जाणणाराच. इतरांस मध्यस्थ लागे.

या मध्यस्थाचे नाव धार जिल्ह्यात मोठे बोलके ठेवले गेले. जानेवारी २००० मध्ये तेथे सुरू झालेल्या 'ज्ञानदूत' योजनेत केंद्रास 'सूचनालय' व चालकास 'सूचक' म्हणत. (संस्कृतात 'सूचक' याचा चहाडखोर असाही अर्थ आहे, योजनाकारांच्या तो ध्यानी नसावा.) बाजारभाव, जमिनीच्या नोंदींचे उतारे, तक्रारअर्ज या सेवा शुल्क भरून तेथे मिळत, मंडीतला भाव घरबसल्या कळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. मात्र ज्या जिल्ह्यात माळवी, निमाडी व भिली बोलल्या जातात, तेथे पडद्यावरील भाषा हिंदी होती. तक्रार सांगणारा एक, तिला शब्द देणारा दुसरा. आणि कचेरीत पोहोचत ते या दुसऱ्याचे शब्द.