‘अपूर्वाई’ आणि आजची प्रवासवर्णने

सोलापूरहून रात्री सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सुटली की शेजारचा अनोळखी प्रवासीही गप्पांत ओढला जातो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’चे (१९६०) यश अशाच घरगुतीपणात आहे. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आपल्याला दिसतात ती सुनीताबाईंच्या सोबतीने. आणि थट्टेचा पहिला बळी स्वतः लेखकच! शि. द. फडणीसांची चित्रेही त्याच सुरातली.

अलीकडे सहकुटुंब, मित्रमंडळींसह युरोपभर आगगाडीने फिरून आलेल्यांचे लेख वाचनात येतात. त्यांत स्थानके, तिकिटे, वेळापत्रके चोख असतात. बरोबरची माणसे मात्र छायाचित्रांपुरतीच उरतात. कोण रुसले, कोणामुळे गाडी चुकली, रोमला उतरल्यावर आजी काय म्हणाली, हे आम्हांस वाचायचे होते.