मोकळी विद्या आणि एक अडलेले जोडाक्षर
('गीता प्रवचने' पुन्हा वाचताना)

आमच्या कामरेज-सुरत पट्ट्यातल्या मराठी घरांपैकी पुष्कळांची मुळे धुळे, नंदुरबार, जळगावकडची आहेत. अशा घरात पोथ्यांच्या चवडीत 'गीताई' किंवा 'गीता प्रवचने' यांपैकी एखादे पुस्तक बहुधा सापडतेच. मात्र पुस्तक एकदा देव्हाऱ्यात जाऊन बसले की त्याला हळदकुंकू लागते आणि वाचणे थांबते. समीक्षकही मग त्याच्याकडे भाविकांचा माल म्हणून पाहतात. 'गीता प्रवचने' हे अध्यात्माचे पुस्तक तर आहेच, पण बोली मराठी गद्याचाही तो एक फार चांगला नमुना आहे, आणि त्याच्याशी भांडताही येते. ही दोन्ही कामे थोडीथोडी करावीत, एवढ्याचसाठी हा लेख.

पुस्तकाचा जन्म धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ सालच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबा कैद्यांसमोर बोलले. अध्याय अठरा, रविवारही अठरा. लिहून घेणारे होते साने गुरुजी. त्याआधी टिळकांचे 'गीतारहस्य'ही तुरुंगातच लिहिले गेले, १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेला. पण दोन तुरुंगांत फरक आहे. टिळक एकटे होते, भोवती ग्रंथ होते आणि डोळ्यांपुढे देशोदेशीचे पंडित होते. विनोबांच्या पुढ्यात माणसे बसलेली होती. शेतकरी, कार्यकर्ते, अर्धे शिकलेले, न शिकलेले. म्हणून 'गीतारहस्या'त युक्तिवाद येतो तिथे 'प्रवचनां'त आई, शेत, दिवा, चूल येते. श्रोता समोर असला की वाक्य लांबत नाही, हा वर्गात उभे राहणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. शिवाय ही भाषा दोघांची आहे, असे मला नेहमी वाटते. विचार विनोबांचा, कडक आणि गणिती; पण वाक्यांत मधूनच जो ओलावा येतो, त्यात 'श्यामची आई' पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिणाऱ्या हाताचा काही वाटा असावा. सिद्ध करता येणार नाही, कानाला मात्र जाणवते.

विनोबांचे आणि सुरतेचे नाते इथल्या मराठी मंडळींना फारसे ठाऊक नसते. मार्च १९१६ मध्ये ते बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, आणि मुंबईपर्यंत गेलेच नाहीत. सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. शाळेची प्रमाणपत्रे तर त्याआधीच आईसमोर चुलीत घातली होती. (मुख्याध्यापकाने ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावी की नाही, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. मी सांगतो, पण दहावीचे फॉर्म भरून झाल्यावर.) त्याच आईने त्यांना पूर्वी सांगितले होते की संस्कृत गीता मला कळत नाही, तूच मराठीत कर. ती १९१८ मध्ये गेली. 'गीताई' लिहायला घेतली ती १९३० च्या ऑक्टोबरात. न शिकलेल्या बाईच्या मागणीतून ही सारी विद्या सुरू झाली, हे विसरून 'प्रवचने' वाचली तर अर्धी कळतात. त्याच १९३० साली, १२ मार्चला, दांडीयात्रेच्या दिवशी गांधीजींचे गुजराती 'अनासक्तियोग' प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण ज्या दोन भाषांत रोज घोटाळा करीत जगतो, त्या दोन्हींत गीता एकाच सुमारास पंडितांच्या कुलपातून बाहेर आली. आपल्या घरांना ही केवढी तरी मिळकत आहे.

विद्या मोकळी करण्याचा हा विचार पुस्तकात नवव्या अध्यायापाशी सर्वांत स्पष्ट होतो. मोक्षाची वाट मूठभरांपुरती राहिली होती, ती गीतेने स्त्रियांना, शूद्रांना, सगळ्यांना खुली केली, असे विनोबा तिथे मांडतात. 'राजविद्या' म्हणजे राजांची गुप्त विद्या नव्हे, तर हातात येणारी, अनुभवता येणारी गोष्ट. ज्ञानदेव हा अध्याय जपत समाधीत गेले, ही आठवण ते देतात तेव्हा त्यांचा आवाज बदललेला जाणवतो.

पण माझ्यासारख्या मास्तराचा खरा जीव दहाव्या अध्यायात. परमेश्वर सृष्टीत कसा वाचावा, तर मूल अक्षरे शिकते तसा, असे विनोबा म्हणतात. आधी मोठी आणि सोपी अक्षरे: आई, बाप, गुरू. मग सूर्य, नदी. मग पशुपक्षी. जोडाक्षरे शेवटी. राम हे साधे अक्षर, रावण हे जोडाक्षर. पण वर्णमाला तीच. इतका चांगला अध्यापनशास्त्राचा पाठ मी बी.एड.च्या पुस्तकांत वाचलेला नाही. यातली गंमत अशी की ही उपमा केवळ सजावटीची नाही. सारा अध्यायच तिच्यावर उभा आहे. सोप्याकडून कठिणाकडे जाताना वाचकाला हळूच अशा ठिकाणी आणून सोडले जाते, की नको असलेल्या माणसातही तेच अक्षर ओळखावे लागते. मी नववीच्या वर्गात हा भाग वाचून दाखवला आणि विचारले, तुमचे जोडाक्षर कोण? एक मुलगा पटकन म्हणाला, "मुकादम." वर्ग हसला. तो हसला नाही.

त्या मुलाचे आईवडील उसाच्या तोडणीवर येतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना ऊस तोडून देणाऱ्या टोळ्या मोठ्या संख्येने खानदेशातून आणि डांगातून येतात. दिवाळी झाली की येतात, उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि पुष्कळदा त्या कोयत्यात मूलही धरलेले असते. माणसाच्या जोडीला हत्याराचे नाव पडावे, यातच सगळे आले.

आणि इथेच पुस्तकाशी माझे भांडण सुरू होते. दुसऱ्या अध्यायात विनोबा म्हणतात की स्वधर्म शोधावा लागत नाही. आई जशी निवडता येत नाही, तसा तो जन्माबरोबर मिळतो. तिसऱ्यात कर्मयोग्यांची माळ येते. दुसऱ्याच्या डोक्यावरचा मळ काढताना स्वतःच्या मनाचा मळ आठवणारा सेना न्हावी, मडके घडवताना आपले आयुष्य भाजून निघाले का असे विचारणारा गोरा कुंभार. ही पाने सुंदर आहेत. रोजच्या कामात मन ओतले की काम हलके होते, हा चौथ्या अध्यायातला 'विकर्मा'चा विचार मी स्वतः रोज वापरतो. पण मुख्याध्यापकाने खडू झाडताना असे म्हणणे वेगळे आणि उचल फेडणाऱ्या कोयत्याला असे सांगणे वेगळे. त्या मुलाचा स्वधर्म कोणता? जन्माने मिळालेले काम पवित्र म्हटले की काम देणारा सुटतो. डॉ. आंबेडकरांनी गीतेवर जी कठोर टीका लिहून ठेवली, तिचा रोख याच जागेवर आहे. आणि साल पाहा: विनोबांचे शेवटचे प्रवचन जून १९३२ मध्ये झाले, पुणे करार सप्टेंबर १९३२ मध्ये. तुरुंगाबाहेर जो प्रश्न पेटला होता, त्याची धग या अठरा रविवारांत पुरेशी पोचलेली नाही.

तरीही विनोबांना त्या पुस्तकात बंद करणे अन्यायाचे होईल. माणूस आपल्या पुस्तकाच्या पुढे गेला. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली, रामचंद्र रेड्डींनी शंभर दिली. त्या दिवशी 'स्वधर्मा'त वाटपाचा प्रश्न शिरला. १९५३ मध्ये देवघरला हरिजनांसह मंदिरात जाताना विनोबांनी मार खाल्ला. १९५८ मध्ये ते पंढरपूरच्या मंदिरात अन्य धर्मीयांसह गेले. हे दार उघडण्यासाठी त्यांच्या लेखनिकाने, साने गुरुजींनी, १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले होते. दहाव्या अध्यायाचा अर्थ लिहून घेणाऱ्याने आधी जगून दाखवला, असे मी म्हणेन. भूदानाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. लाखो एकर कागदावर आली. त्यांतली पुष्कळ नापीक निघाली, खटल्यांत अडकली, वाटलीच गेली नाही. आणि आणीबाणीला 'अनुशासन पर्व' म्हटल्याचा डाग भक्तांनी कितीही पुसला तरी जात नाही.

२०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या अभ्यासात गीतेतील मूल्ये घेण्याचे जाहीर केले. माझ्याकडे पालक विचारत आले, कोणते पुस्तक घ्यावे? मी 'गीता प्रवचने' सांगितले, आणि लगेच अडचण लक्षात आली. आमची मुले गुजराती माध्यमात शिकतात. हिंदीमुळे त्यांना देवनागरी वाचता येते, पण मराठी वाक्य ती ओठांनी वाचतात, मनाने नाही. घरी बोलतात ती अहिराणी. आजीला मराठी कळते, पण वाचता येत नाही. ज्या आईसाठी गीता मराठीत आली, तिची पणती आता त्या मराठीच्या दाराबाहेर उभी आहे. पुस्तक स्वस्त आहे, बाजारात मिळते, त्याची गुजराती आवृत्तीही आहे. पण एका घरातल्या दोन पिढ्यांना एकत्र बसून वाचता येईल असे डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर गुजराती, असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. अठराही अध्याय नकोत. नववा, दहावा आणि तिसरा पुरे, आणि तिसऱ्याखाली कोयत्याचा प्रश्न विचारणारी एक टीप. मराठी बाजूची पाने मी लिहून काढायला घेतली आहेत. गुजराती बाजू आमच्या शाळेतले भाषाशिक्षक पाहत आहेत, आणि 'जोडाक्षर' या शब्दापाशी रावणाच्या बाबतीत 'જોડાક્ષર' लिहावे की घरात बोलतात तसे काही, यावर आमचा वाद अजून चालू आहे.